ब्रेटफर्टनची शतावरी

विलायतेच्या प्रवासवर्णनांची मराठीत आता वाण राहिलेली नाही. लंडनचा पूल, राजवाड्यावरील पहारेकरी, शेक्सपिअरचे घर आणि संग्रहालयांत मांडलेल्या आपल्याच देशाच्या मूर्ती यांविषयी वाचकांनी इतके वाचलेले आहे की, त्यांत मी आणखी भर घालणे म्हणजे समुद्रात घागरभर पाणी ओतण्यासारखे होईल. म्हणून ते सर्व सोडून, त्या देशातील एका खेड्यात आम्ही घेतलेल्या एका साध्या जेवणाची हकीकत तेवढी येथे सांगण्याचे योजिले आहे. जेवण तरी ते काय? उकडलेले हिरवे कोंब, लोणी, नवे बटाटे आणि पाव. परंतु त्या ताटाने आमच्या वाईच्या घरातील एक मिटलेले प्रकरण पुन्हा उघडले, आणि ज्या गोष्टीचा मला विसर पडला होता तिची मला चांगलीच आठवण करून दिली.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बर्मिंगहॅम येथे राहतात. त्यांच्या व सूनबाईंच्या आग्रहावरून मी व सौ. असे उभयता दोन महिने तेथे जाऊन राहिलो होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यातील एका रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, “बाबा, उद्या तुम्हांला खेड्यातल्या एका पबात जेवायला नेतो.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ज्या गृहस्थाने पस्तीस वर्षे शाळेत ‘मद्यपानाचे दुष्परिणाम’ या विषयावर मुलांकडून निबंध लिहवून घेतले, त्याने उतारवयात गुत्त्याची पायरी चढावी काय? मी तसे स्पष्ट बोलून दाखविले. तेव्हा सूनबाई हसून म्हणाल्या, “मामंजी, तिथं तुम्हांला कुणी प्यायला लावणार नाही. घरातली म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, सगळे जेवायला येतात. आणि उद्या जे खायचंय ते फक्त याच दिवसांत मिळतं.” सौ. काहीच बोलल्या नाहीत. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठेवणीतले लुगडे नेसलेले पाहून माझा निकाल लागला आहे, हे मी ओळखले.

बर्मिंगहॅमपासून दक्षिणेस मोटारीने सुमारे तासाभराच्या वाटेवर ईव्हशॅमचे खोरे लागते. एव्हन नदीच्या काठचा हा सखल व सुपीक मुलूख आहे. पूर्वेकडून कॉट्सवोल्डच्या टेकड्या आणि पश्चिमेकडून मॅल्व्हर्नचे डोंगर त्यास आडोसा देतात, त्यामुळे येथे उन्हाळा थोडा लवकर येतो असे तेथील लोक म्हणतात. १८५२ साली ईव्हशॅमला आगगाडी आली. सकाळी तोडलेली भाजी व फळे दूरच्या शहरांत ताजी पोहोचविण्याची सोय झाली, आणि मग हे सारे खोरे माळ्यांचे झाले. प्लमची झाडे, भाजीचे वाफे आणि अधूनमधून काचेची घरे पाहत आमची मोटार अरुंद रस्त्यांनी ब्रेटफर्टन या गावी येऊन थांबली. ईव्हशॅमपासून हे गाव पूर्वेस सुमारे चार मैलांवर आहे.

गावातील चौकाच्या कडेस एक जुने घर होते. काळ्या लाकडी सांगाड्यांच्या मध्ये पांढऱ्या भिंती, वर गवताने शाकारलेले जाड छप्पर, आणि दारावर टांगलेला फलक. हाच तो ‘द फ्लीस इन’ नावाचा पब. फ्लीस म्हणजे मेंढीच्या अंगावरून उतरविलेली संबंध लोकर. मूळ ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचा पब हा संक्षेप असून त्याचा अर्थ सर्वांस खुले असलेले घर, एवढाच आहे. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या अमदानीत, १३९३ साली, विकण्यासाठी मद्य गाळणाऱ्याने आपल्या दारावर खूण टांगलीच पाहिजे असा हुकूम झाला. प्रजेस अक्षरओळख बेताचीच, म्हणून खुणेसाठी चित्रे आली. आणि आजही त्या देशात सिंह, घंटा, नांगर, हंस अशा नावांची पथिकगृहे गावोगाव आढळतात.

हे घर मात्र प्रथमपासून पब नव्हते. पंधराव्या शतकात ते एका शेतकऱ्याने बांधले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे एकाच छपराखाली माणसे व गुरे राहत असत. आपल्याकडील जुन्या घरांतून माजघराला लागून गोठा असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस याचे नवल वाटणार नाही. १८४८ साली त्याच घराण्यातील पुरुषाने तेथे पब सुरू केला. त्या घराण्यातील शेवटची स्त्री लोला टॅप्लिन ही १९७७ साली निवर्तली, आणि मरताना तिने ते घर आतील सामानसुमानासह ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेस देऊन टाकले. जुन्या वास्तू व निसर्गस्थळे राखणारी ही संस्था १८९५ मध्ये स्थापन झालेली आहे. २००४ साली छपरास आग लागून या घराचे मोठे नुकसान झाले. परंतु ते होते तसे पुन्हा उभारण्यात आले. लोलाबाईंची एक इच्छा अशी होती की, या घरात बटाट्याचे वेफर्स कधी विकू नयेत! हे ऐकून त्या बाईंविषयी माझ्या मनात एकदम आदर उत्पन्न झाला. आमच्या शाळेच्या फाटकाशी वेफर्सच्या पाकिटांचा जो खच पडत असे, तो मला आठवला.

आत शिरताना मान लववावी लागली, इतके ते दार ठेंगणे. खाली दगडी फरशी, मोठी चूल, आणि एका बाजूस सतराव्या शतकातील प्यूटरची, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूची, ताटे ओळीने मांडून ठेविलेली. सौ.ची दृष्टी मात्र चुलीपुढील फरशीवर खिळली. तेथे पांढऱ्या रंगाची वर्तुळे काढलेली होती.

“अहो, ही तर चुलीपुढची रांगोळी!” त्या म्हणाल्या.

चिरंजीवांनी माहिती काढली. धुराड्यातून चेटकिणी घरात उतरू नयेत म्हणून पूर्वी ही वर्तुळे काढीत, आणि ती आजही पुसू दिलेली नाहीत. चेटकिणींवर विश्वास कोणाचाच राहिला नसेल. परंतु घरातील बाईने राखलेली खूण मागाहून येणाऱ्यांनी राखावी, एवढ्यासाठी ती आहेत. सौ. बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभ्या होत्या.

माझ्या मनातील गुत्त्याचे चित्र एव्हाना बरेच पुसट झाले होते. एका कोपऱ्यात दोन वृद्ध स्त्रिया गप्पा मारीत जेवत होत्या. एका बाकाखाली कुत्रा निजला होता. एक बाप आपल्या मुलीस चमच्याने भरवीत होता. पेले होते, नाही असे नाही. मद्य ते मद्यच, आणि त्याविषयीचे माझे मत आजही बदललेले नाही. परंतु तेथे आरडाओरडा नव्हता, की कोणाचा तोल गेलेला नव्हता. माझ्याच हातून मात्र एक फजिती होता होता टळली. फळ्यावर ‘सायडर’ हा शब्द वाचून, सफरचंदाचा रस तो हाच, अशा समजुतीने मी दोन पेले मागितले. तेथील मुलीने आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि अत्यंत नम्रपणे सांगितले की, हा रस आंबविलेला असतो. आपणांस साधा रस हवा असल्यास तोही आहे. पस्तीस वर्षांच्या निबंधांची लाज त्या मुलीने राखली.

शाकाहाराची अडचण पडेल अशी मला भीती होती, तीही खोटी ठरली. शाकाहार ही त्या देशास अगदीच परकी गोष्ट नाही. तेथील शाकाहारी मंडळ १८४७ साली रॅम्सगेट येथे स्थापन झाले, आणि १८८८ साली शिकावयास गेलेल्या गांधीजींस लंडनमध्ये शाकाहारी भोजनगृह सापडले होते. सूनबाईंनी अंड्याचे कालवण नको, केवळ लोणी हवे, असे बजावून सांगितले. आम्ही मागील बाजूच्या फळझाडांच्या बागेत लाकडी बाकांवर जाऊन बसलो, आणि थोड्याच वेळात ताटे आली.

ताटात वीतभर लांबीचे हिरवेगार कोंब मांडलेले होते. टोकाशी जांभळट झाक, खवल्यांसारखी मिटलेली पाने, आणि वर वितळणारे लोणी. शेजारी सालासकट उकडलेले लहान नवे बटाटे व पावाचे जाड तुकडे. या कोंबांस इंग्रजीत ‘ॲस्परॅगस’ म्हणतात. या खोऱ्यातील लोक प्रेमाने नुसते ‘ग्रास’ म्हणतात. ते सुरीकाट्याने न खाता बोटांनी उचलून, लोण्यात बुडवून खाण्याची तेथे शिष्टसंमत रीत आहे, हे ऐकून आम्हां उभयतांस हायसे वाटले. चव काय सांगावी! कोवळ्या मटारची गोडी, त्यात किंचित कडसर मातकट वास, आणि दाताखाली तुटताना होणारा तो लहानसा आवाज. तोडल्यापासून जसजसे तास उलटतात तसतशी या कोंबांतील साखर कमी होते व ते चिवट होऊ लागतात. म्हणून शेत आणि ताट यांत जितके अंतर थोडे तितकी चव अधिक. आमच्या ताटातील कोंब त्याच सकाळी गावाभोवतालच्या वाफ्यांतून काढलेले होते.

दुसरा कोंब उचलताना सौ. थांबल्या. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“अहो, ही शतावरीच की!”

त्या चुकल्या नव्हत्या. आपली शतावरी व ही विलायती भाजी एकाच कुळातील, किंबहुना एकाच प्रजातीच्या दोन जाती होत. आपली काटेरी वेल, तिच्या मुळ्या औषधास. त्यांचे सरळ झुडूप, त्याचे कोंब भोजनास, एवढाच भेद. आपल्या डोंगराळ भागातील लोकही पहिल्या पावसानंतर शतावरीच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात. अमरकोशात या वनस्पतीस ‘शतमूली’ आणि ‘बहुसुता’ अशी नावे आहेत. शंभर मुळ्यांची ती शतमूली, आणि जमिनीखाली लेकरांसारखा मुळ्यांचा घोस बाळगणारी ती बहुसुता. हे मी मोठ्या उत्साहाने चिरंजीवांस समजावून सांगू लागलो. वर्गात असल्याप्रमाणे बोटे मोडून व्युत्पत्ती सांगत असता सौ. अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

“याच्या बाळंतपणात सासूबाईंनी मला तिचीच मुळी दुधात उकळून दिली होती. आपल्या परसातली.”

मी गप्प झालो.

येथे वाचकांस थोडे मागे नेले पाहिजे. वाईस आमचे वडिलोपार्जित घर आहे, आणि आम्ही तिघे भाऊ अद्यापि एकत्र राहतो. घरामागे मोठे परसू होते. आडाच्या सांडपाण्यावर अळू, भिंतीशी कढीलिंब व गवती चहा, एक शेवगा, एक कागदी लिंबू, आणि कुंपणावर आईने लावलेली शतावरीची वेल. वरणात घालावयास लिंबू किंवा पातळभाजीस अळू हवे तर बाजारात कोणी जात नसे. चार वर्षांपूर्वी पुतण्यांच्या मोटारी आल्या. त्या रस्त्यावर उभ्या करण्यास जागा नव्हती, हेही खरेच. परसू फोडून तेथे काँक्रीट घालावे असे ठरले, आणि थोरला म्हणून कागदावर पहिली सही मी केली. घरातील स्त्रियांस कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. सौ. त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पुढेही कधी बोलल्या नाहीत. आणि ज्या अर्थी त्या बोलत नाहीत त्या अर्थी त्यांस ते मान्य आहे, असा सोयीस्कर अर्थ मी काढला. व्याकरण शिकविणाऱ्यास मौनाचा अर्थ लावता आला नाही!

“अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?” मी विचारले.

“तुम्ही सही करून आल्यावर सांगितलंत,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा जेवू लागल्या.

सूनबाईंनी विषय बदलण्याच्या हेतूने शेजारच्या बाकावरील एका वृद्ध गृहस्थास ताटातील कोंबांविषयी काही विचारले. तो नेमका याच भाजीचा जुना बागाईतदार निघाला. आपले आयुष्य या वाफ्यांत गेले असे त्याने सांगितले, आणि आम्हांस रस आहे असे पाहून जेवणानंतर तो आम्हांस जवळच्याच शेताच्या बांधापर्यंत घेऊन गेला.

ते शेत पाहून मी चकित झालो. मातीचे लांब उंचवटे, आणि त्यांतून पेन्सिली रोवल्याप्रमाणे निरनिराळ्या उंचीचे कोंब वर आलेले. पान नाही, फांदी नाही, नुसता कोंब. उबदार दिवशी ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यांदेखत वाढतात. सगळे एकदम तयार होत नाहीत, म्हणून अद्यापही माणसेच वाकून, लांब पात्याच्या सुरीने मातीखाली एकेक कोंब छाटतात. पूर्वी त्यांच्या जुड्या बांधण्यास वाळुंजाच्या लवचिक काड्या वापरीत. जुन्या हिशेबात ‘शंभर’ म्हणजे एकशेवीस कोंब. अशा जुड्यांचा लिलाव दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस याच पबात होतो आणि त्याचे उत्पन्न गावच्या वाद्यवृंदास मिळते. हंगामाचा आरंभ २३ एप्रिलला, म्हणजे त्यांच्या सेंट जॉर्जच्या दिवशी, मानण्याची चाल आहे, आणि शेवट २१ जूनच्या सुमारास.

“का? जूननंतर कोंब येत नाहीत?” मी चिरंजीवांमार्फत विचारले.

म्हाताऱ्याने मान हलविली. येतात, परंतु आम्ही कापीत नाही, असे तो म्हणाला. दिवस मोठ्यात मोठा झाला की सुरी ठेवून द्यावयाची. मग उरलेले कोंब वाढतात, त्यांना मोराच्या तुऱ्यासारखी हिरवी झालर फुटते, आणि ती झालर ऊन पिऊन पुढील वर्षाचे अन्न मुळांत साठविते. हाव धरून कापीत राहिले तर पुढल्या वर्षी मूळ उपाशी राहते. नव्या वाफ्याची गोष्ट याहून कठीण. लागवडीनंतर पहिली दोन वर्षे एकही कोंब तोडावयाचा नाही. तिसऱ्या वर्षी थोडे, आणि मग पुढे दहा, पंधरा, कधी वीस वर्षेही तो वाफा देत राहतो.

माझ्या मनात आलेला प्रश्न मी विचारूनच टाकला. जमीन खंडाची, वय झालेले. मग तीन वर्षे वाट पाहावयाचा वाफा माणसाने लावावा कशाला?

त्यावर त्याने जे सांगितले त्याची मी पुढे पुस्तकांतूनही खात्री करून घेतली. या खोऱ्यात ‘ईव्हशॅम कस्टम’ नावाची एक जुनी वहिवाट होती. जमीन सोडून जाणाऱ्या कुळाने आपल्यामागे येणारे कूळ स्वतः शोधून मालकास सुचवावे, आणि येणाऱ्याने जाणाऱ्यास त्याने लावलेल्या झाडांचे व ॲस्परॅगसच्या वाफ्यांचे मोल द्यावे. कायद्यानेही पुढे या वहिवाटीची दखल घेतली. त्यामुळे म्हाताऱ्या माणसासही नवा वाफा लावण्यास भय वाटत नसे. त्याचे श्रम बुडत नसत, आणि येणाऱ्यास उजाड जमीन मिळत नसे. मुळाशी कोणीतरी आधी खपलेले आहे, हे येणाऱ्याने रोख मोजून कबूल करावयाचे, असा त्या व्यवहाराचा अर्थ.

मी शेताच्या बांधावर उभा होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचे परसू येत होते. आईने लावलेल्या वेलीचे मोल आम्ही कोणास दिले होते? आमच्यामागे येणाऱ्यांच्या हाती आम्ही काय देणार होतो? काँक्रीट! त्या कुळास कायद्याचा आधार लागला. आम्हां एकत्र कुटुंबातील माणसांस तर तो लागावयास नको होता. आजेसासूने लावावे आणि नातसुनेने खुडावे, हीच तर आपली वहिवाट होती. आणि ती मोडणाऱ्यांत पहिली सही माझी.

परतीच्या वाटेवर मोटारीत कोणी फारसे बोलले नाही. घराजवळ आल्यावर मी सौ.स म्हणालो, “परत गेल्यावर धाकट्याशी बोलतो. सगळं नाही, पण कुंपणाकडची पट्टी तरी मोकळी करू.” त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “पाऊस संपायच्या आत करा म्हणजे झालं.”

आषाढात आम्ही वाईस परतलो. पुतण्यांची समजूत घालण्यास चार दिवस लागले. एक मोटार आता गल्लीच्या तोंडाशी उभी असते, आणि तिच्या धन्याची त्याबद्दलची कुरकूर अद्यापि अधूनमधून कानांवर येते. ती ऐकून घेण्याचे मी पतकरले आहे. कुंपणालगत दोन हात रुंद व बारा हात लांब अशी पट्टी गवंड्याने फोडून दिली. खालची माती घट्ट व निर्जीव झाली होती. तीत शेणखत मिसळून अळूचे कंद, कढीलिंब आणि गवती चहा लावला. शतावरीचे रोप पाचगणीच्या वाटेवरील एका रोपवाटिकेतून आणले. ते मी लावावयास घेतले, तेव्हा सौ.नी माझ्या हातातून खुरपे घेतले आणि थोरल्या पुतण्याच्या सुनेस हाक मारून ते तिच्या हाती दिले.

आज त्या रोपास तीन-चार बारीक काड्या फुटलेल्या आहेत. मुळी काढण्याजोगी होण्यास दोन-तीन वर्षे तरी जावी लागतील. तोवर तिला कोणी हात लावावयाचा नाही, असे घरात सर्वांस सांगून ठेविले आहे. आणि रोज सकाळी संध्या आटोपली की, एक तांब्या पाणी घेऊन मी त्या पट्टीकडे जातो.